उजवा साठ, डावा शंभर

आमच्या भागातल्या निदान दोनशे घरांनी माझा आवाज ऐकलाय, आणि तोही मी चिडलेली असताना. यात माझी काही चूक नाही. चूक सगळी ह्यांची.

आमचे हे घरोघरी जाऊन कॉम्प्युटरचा आवाज दुरुस्त करतात. फक्त आवाज. कॉम्प्युटर सुरूच होत नाही, प्रिंटर कागद गिळतो, कुणी पासवर्ड विसरलं, असल्या कामांना हे हात लावत नाहीत. "त्याला दुसरे लोक आहेत," म्हणतात. पण आवाज येईनासा झाला, घरघरायला लागला, आपलं समोरच्याला ऐकू जातं पण त्याचं आपल्याला येत नाही, असं काही झालं की लोक म्हणतात, "आवाजवाल्यांना बोलवा." ह्यांचं खरं नाव मला आणि पोस्टमनलाच ठाऊक असेल.

आधी बावीस वर्षं हे रेडिओदुरुस्तीच्या दुकानात होते. मग लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं, दुकान बंद पडलं, आणि हे घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. खिडकीत एक खुर्ची टाकली आणि आठ महिने त्या खुर्चीत. मी बालवाडीत शिकवायचे. सकाळी निघताना हे खिडकीत, दुपारी परत आले तरी खिडकीत. बोलणं नाही, भांडण नाही. मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे तर नुसती मान हलवायचे. अंगावरचे शर्ट ढगळ व्हायला लागले. माणूस डोळ्यांसमोर विरघळतोय आणि आपल्याला काही करता येत नाही, असं ते दिवस होते. आजही ती खिडकी मी घाईघाईने पुसते.

एक दिवस शेजारीण आली. तिच्या मुलीचा कॉम्प्युटर मुका झाला होता. "जरा बघता का?" म्हणाली. हे गेले, पाच मिनिटांत परत आले. स्पीकरची पिन हिरव्या भोकाऐवजी गुलाबी भोकात घातलेली होती, एवढंच. गुलाबी भोक माइकचं. पण त्या रात्री जेवताना ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी खाकी रंगाची एक बॅग विकत आणली. बारीक स्क्रूड्रायव्हर, दोन-तीन वायरी, पिना-भोकं साफ करायचा फवारा, कापूस, आणि पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेला एक जुना हेडफोन. ती बॅग खांद्याला लागली आणि माझा नवरा मला परत मिळाला.

कामाचे फोन माझ्या मोबाइलवर येतात, वही माझ्याकडे असते. निम्मी दुखणी मी फोनवरच बरी करते. "आवाजाच्या चिन्हावर फुली आहे का? स्पीकरचा दिवा लागलाय का? पिन पूर्ण आत आहे का? नवीन मॉनिटर घेतलात का?" हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. लोक नवा मॉनिटर जोडतात, आणि कॉम्प्युटर शहाणपणा करून सगळा आवाज त्या मॉनिटरकडे पाठवतो. मॉनिटरला स्पीकरच नसतो. आवाज जातो आणि तिथे गप्प बसतो. मी सांगते, सेटिंगमध्ये जा आणि तिथे 'स्पीकर' निवडा. पलीकडून एकदम गाणं सुरू होतं आणि लोक मला आशीर्वाद देतात. हे म्हणतात, "तू माझं गिऱ्हाईक खातेस." पण म्हणताना खूश असतात.

आता माझ्या आवाजाची गोष्ट. दुरुस्ती झाली की शेवटची तपासणी करायला ह्यांना एक रेकॉर्डिंग हवं होतं. अठरा वर्षांपूर्वी एका सकाळी माइक घेऊन स्वयंपाकघरात आले. "बोल."

"काय बोलू?"

"आधी 'डावा' म्हण. मग 'उजवा' म्हण."

माझं दूध गॅसवर. मी म्हटलं, "डावा. उजवा. झालं का? दूध उतू जातंय माझं! तुम्हाला हीच वेळ सापडते का हो?"

ह्यांनी ते तसंच्या तसं ठेवलं. 'डावा' हा शब्द डाव्या स्पीकरमधून येतो, 'उजवा' उजव्यातून, आणि पुढची सगळी कडकड दोन्हींमधून सारखी. मी हजारदा म्हटलं की शेवटचं कापा, लाज वाटते. ऐकतील तर शपथ. "अगं, त्यातच सगळं आहे. जाड, बारीक, श्वास, राग. तो राग जर फाटला नाही तर स्पीकर चांगला समजायचा." भाजीच्या दुकानात एकदा एक अनोळखी बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं दूध गेलं का हो शेवटी उतू?" 

तपासणीची ह्यांची पद्धत ठरलेली. कॉम्प्युटरसमोर ताठ बसायचं, डोळे मिटायचे, आणि मी कुठे उभी आहे ते ऐकायचं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा असला की माझी कडकड बरोबर पडद्याच्या मधोमध येते. "तू मध्ये आलीस की काम झालं," असं ह्यांचं म्हणणं. सेटिंगमध्ये दोन पट्ट्या असतात, डाव्याची एक आणि उजव्याची एक. दोन्ही शंभरावर. मी जरा इकडेतिकडे सरकले तर हे एखादी पट्टी किंचित खाली-वर करतात.

आणि एक नियम. दोष कुठे आहे कळत नसेल तर डावं-उजवं अदलाबदल करायची. डावा स्पीकर उजव्याच्या जागी, उजव्याच्या वायरीला; उजवा डाव्याच्या. दोष स्पीकरबरोबर दुसरीकडे गेला तर स्पीकर खराब. दोष जागचा हलला नाही तर स्पीकरला उगाच बोल लावायचा नाही, पलीकडे शोधायचं. हे मला ह्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

तर गेल्या वर्षी हेडमास्तरांचा फोन आला. कोपऱ्यावरच्या घरातले, निवृत्त, सरळ रेषेसारखे सज्जन. म्हणाले, "आवाजवाले येऊन गेल्यापासून आवाज एकाच बाजूने येतोय. डावीकडून."

मी ह्यांना सांगितलं. हे परत गेले, डोळे मिटून बसले, म्हणाले, "अगदी बरोबर आहे. सर, राग मानू नका, पण एकदा कान दाखवून या. वय होतं तसं होतं." बिचारे हेडमास्तर खरंच डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. हेडमास्तरांनी मला ते फोन करून कळवलं, आणि वर ह्यांना सांगू नका म्हणाले, उगाच वाईट वाटेल.

मग दुसरी तक्रार आली. मग तिसरी. मला राग यायला लागला, कारण घरातही तेच चाललं होतं. मी काही सांगायला जावं तर ह्यांचं लक्षच नाही. जेवायला मी नेहमी ह्यांच्या डाव्या हाताला बसते. ताट वाढता वाढता मी दिवसभराचं बोलते. आणि हे समोर बघून शांतपणे जेवतात. "अहो, मी भिंतीशी बोलतेय का?" तरी नाही. दोनदा मी अबोला धरला, एकदा चांगला सहा दिवस. ह्यांना तो अबोला आहे हेसुद्धा कळलं नाही, त्यामुळे मी आणखी भडकले. लग्नाच्या तिसाव्या वर्षी नवऱ्याला आपला कंटाळा येतो म्हणतात, तसंच असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि आतल्या आत कुढत राहिले.

आणि मग त्या मुलीचा फोन आला. ती मुलगी एका कंपनीसाठी घरूनच फोन घेण्याचं काम करते. तिला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवतो, म्हणजे आवाज हेच तिचे डोळे. हे तिच्याकडे सकाळी घरघर काढून आले होते.

"काकू," ती म्हणाली, "घरघर गेली. पण काकांनी डावा शंभरावर ठेवून उजवा साठावर आणलाय. मी परत सारखा केला."

"अगं बाई, चुकून झालं असेल."

"चुकून नाही. दोनदा ऐकून, विचार करून केलं. आणि काकू, ते माझ्याशी बोलताना तोंड माझ्याकडे करत नाहीत. त्यांचा आवाज भिंतीकडे जातो. म्हणजे उजवा कान माझ्याकडे करतात." मग हळूच म्हणाली, "दोष कॉम्प्युटरमध्ये नाही, काकू."

मी फोन ठेवला. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी ह्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "स्वयंपाकघरात आग लागलीये." हे पान उलटून वाचत राहिले. मी उजवीकडे गेले आणि म्हटलं, "चहा घेणार?"

"अर्धा," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून रडले. सहा दिवसांचा अबोला! ज्याला ऐकूच येत नाही त्या माणसावर मी वर्षभर डाफरत होते. आणि त्याच वेळी सगळं उमगलं. ह्यांच्या डाव्या कानाला कमी येतंय, म्हणून रेकॉर्डिंगमधली मी उजवीकडे सरकल्यासारखी वाटते. मग हे घराघरात उजवा आवाज कमी करत जातात, मी मध्ये येईपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. सांगते ना का नाही सांगितलं ते! रेडिओच्या दुकानाचे मालक म्हातारपणी बहिरे झाले होते. दुकानातले कामगार त्यांच्या मागे उभे राहून काय वाट्टेल ते बोलायचे आणि हसायचे. ह्यांनी ते पाहिलेलं. घरी येऊन म्हणाले होते, "माझा कान गेला तर त्याच दिवशी हत्यारं माळ्यावर. लोकांना हसू द्यायचं नाही." आणि हत्यारं माळ्यावर म्हणजे हे पुन्हा खिडकीत. ते आठ महिने मी एकदा काढले होते. पुन्हा काढायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून मी एक उद्योग केला. हे ज्या घरी जाऊन आले, त्या घरी दुसऱ्या दिवशी हे कामाला निघाले की मी जायचे. "काम नीट झालं ना?" म्हणत कॉम्प्युटरपुढे बसायचं, आवाजाच्या सेटिंगमध्ये जायचं, साठावरची पट्टी शंभरावर न्यायची. मग घरच्यांना हात जोडून सांगायचं, "ह्यांना एवढं कळू देऊ नका." का ते विचारलं तर सांगायचे. खोटं किती ठिकाणी लक्षात ठेवणार? अशी एकवीस घरं झाली.

पण माझा नवरा कामाला किती चोख आहे हे मी विसरले. दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांनी हे पुन्हा त्या घरी डोकावतात, फुकट, नुसती तब्येत विचारायला. पहिल्या घरी पट्ट्या सारख्या. दुसऱ्या घरी सारख्या. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. हे विचारायचे, "कुणी हात लावला का?" घरचे म्हणायचे, "नाही बुवा." हेडमास्तरांना खोटं बोलायची सवय नाही. त्यांना घाम फुटला, ते म्हणाले, "मी कॉम्प्युटर लावतच नाही," आणि मागे कॉम्प्युटर चालू होता.

एका बुधवारी हे घरी आले ते चेहरा फुललेला. टेबलावर कागद पसरले. घर, तारीख, कॉम्प्युटर कोणता, पट्टी कुठे ठेवली होती, कुठे सापडली, असं सगळं आखून लिहिलेलं.

"अगं, चौदा घरं! चौदा घरांत उजवी पट्टी आपोआप शंभरावर जाते. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हा नवीनच दोष आहे, आणि मला सापडलाय!"

मी खुर्ची ओढून बसले.

"शनिवारी दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेची बैठक आहे. मी अध्यक्षांना सांगून ठेवलंय, मला अर्धा तास द्या."

तीस-पस्तीस माणसं, सगळी धंद्यातली. त्यांच्यापुढे हे उभे राहून चौदा घरांचा दोष सांगणार, आणि कुणीतरी दोन मिनिटांत म्हणणार, "आवाजवाले, तुमचा कान तपासा." ज्या हसण्याला हा माणूस जन्मभर भ्यायला, ते हसणं मी माझ्या हातांनी ह्यांच्यासाठी तयार करून ठेवलं होतं. भलं करायला गेले आणि ह्यांनाच खड्ड्यात ढकललं.

गुरुवारी जेवताना मी धीर केला. ताटाकडे बघत, एका दमात सगळं सांगून टाकलं. मुलीचा फोन, पट्ट्या, एकवीस घरं, सगळं. बोलून झाल्यावर मान वर केली.

"मीठ दे जरा," हे म्हणाले.

मी सवयीने माझ्या जागी बसले होते. ह्यांच्या डावीकडे. ते सगळं पुन्हा उजवीकडे जाऊन बोलायचं? माझ्याच्याने झालं नाही. मी मीठ दिलं.

रात्रभर विचार करून एक गोष्ट पक्की झाली. हे बोलून सांगायचं काम नाही. ह्यांना ह्यांच्या पद्धतीनेच कळायला हवं. शुक्रवारी दुपारी मी बॅगेतला हेडफोन काढला, आमच्या कॉम्प्युटरला लावला आणि ह्यांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, "अहो, हा हेडफोन बिघडलाय बहुतेक. बघा बरं, डावीकडून कमी येतंय का?"

ह्यांनी हेडफोन घातला, डोळे मिटले, रेकॉर्डिंग लावलं. "हो, डावा अगदी मंद आहे. वायर आतून तुटत आली असेल."

"मग अदलाबदल करून बघा ना. तुमचाच नियम."

हे माझ्याकडे कौतुकाने बघून हसले. ह्यांनी हेडफोन काढला, उलटा फिरवला, डाव्याची बाजू उजव्या कानावर घेतली, उजव्याची डाव्यावर. पुन्हा लावलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा सरळ केला, ऐकलं. पुन्हा उलटा. असं चार वेळा. खोलीत दुसरा आवाज नव्हता. हेडफोनच्या फटीतून माझाच बारीक आवाज येत होता, "दूध उतू जातंय माझं!"

मग ह्यांनी तो हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "तू ऐक. तू कुठे आहेस?"

खोटं बोलता आलं असतं. इतकी घरं पालथी घातली होती, त्यात एक खोटं जड नव्हतं. "मधोमध," मी खरं तेच म्हटलं.

ह्यांनी उलटा करून घातला. "आता?"

"मधोमध."

हे खुर्चीत मागे टेकले. नजर टेबलावरच्या त्या कागदांवर गेली. "दोष जागचा हलत नाही," म्हणाले. मग, "पट्ट्या तू केल्यास."

"हो."

"किती घरं?"

"एकवीस. हेडमास्तरांकडे दोनदा."

ह्यांनी मग खाली बघत विचारलं, "कुणी हसलं?"

"नाही हो! एक माणूस हसला नाही. सगळ्यांनी तुमच्यासाठी खोटं बोलायचं कबूल केलं. हेडमास्तरांनीसुद्धा. त्यांना घाम फुटला तरी बोलले."

वाटलं, आता तरी हे काही बोलतील. पण हे उठले, बॅग घेतली, स्टुलावर चढले आणि ती माळ्यावर ठेवली. उतरून खिडकीपाशी खुर्ची नेली आणि बाहेर बघत बसले.

माझा राग सगळ्यांना माहीत आहे, दोनशे घरांनी ऐकलाय. पण त्या दुपारी आला तसा कधी आला नव्हता. मी खिडकी आणि ह्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. "हे बघा, कान गेला तर गेला. एक गेलाय, एक आहे. पण तुम्ही पुन्हा या खिडकीत बसणार असाल तर मला नाही जमायचं. मागच्या वेळी मी तिशीत होते, निभावलं. आता मी थकले. तुम्ही गप्प बसलात की मला हे घर खायला उठतं. तुमच्या त्या बॅगेसाठी मी चोरासारखी दारोदार फिरले. कान चालवायला नाही फिरले मी, तुम्ही बोलते राहावेत म्हणून फिरले!"

 थोड्या वेळाने हे उठले आणि कागद गोळा करून फाडले.

शनिवारी सकाळी हे शर्ट घालून निघाले. मी म्हटलं, कळवून टाका ना, तब्येत बरी नाही म्हणून. "वेळ घेतलाय त्यांचा," म्हणाले. मीही मागोमाग गेले. पंख्यांच्या दुकानावरचा लांबट हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी शेवटच्या रांगेत. मोबाइलवाले, मिक्सरवाले, लाउडस्पीकरवाले, सगळे बसलेले. हे उभे राहिले.

"मी तुम्हाला चौदा घरांमधला एक दोष सांगणार होतो. तो दोष सापडला. तो माझ्या डाव्या कानात आहे."

मी खुर्चीची कड घट्ट धरली. पुढे एकाने खोकून घसा साफ केला. एवढंच. कुणी हसलं नाही.

"वर्षभर मी लोकांचे स्पीकर बिघडवले आणि मला कळलं नाही. कारण मी सगळं अदलाबदल करून तपासत होतो, स्वतःचं डोकं सोडून." ह्यांनी पिशवीतून तो चिकटपट्टीवाला हेडफोन काढला, हॉलमधल्या कॉम्प्युटरला लावला आणि माझं रेकॉर्डिंग सुरू केलं. "एकेकाने या. सरळ ऐका, मग उलटा करून ऐका."

लोक आले, रांगेने. माझं दूध पस्तीस वेळा उतू गेलं. सगळ्यात मोठ्याने बोलणारे लाउडस्पीकरवाले आले. सरळ ऐकलं, उलटा करून ऐकलं, पुन्हा सरळ केलं. मग हेडफोन पुढच्याच्या हातात दिला आणि कुणाकडे न बघता जिन्याने खाली उतरले. हे त्यांच्या मागे गेले. मला दिसलं, ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्याच संध्याकाळी कान दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, नस गेलीये, डावा काही परत यायचा नाही, उजवा जपा. ह्यांनी ऐकून घेतलं. पण बॅग माळ्यावरच होती, आणि मी तोंड आवरून बसले होते. सोमवारी हेडमास्तरांचा फोन आला.

"आवाज पूर्ण गेलाय हो. हिरव्या भोकातली पिन आपोआप निघाली."

"सर, मग परत घाला की."

"ते मला जमणार नाही," हेडमास्तर म्हणाले. दहा वर्षं त्याच पिना लावतायत ते. त्यांना खोटं काही केल्या जमत नाही. "आवाजवाल्यांनीच यायला हवं."

मी ह्यांच्या उजवीकडे जाऊन सांगितलं. ह्यांनी मग स्टूल ओढलं आणि बॅग काढली. दोन तासांनी परत आले. आता शेवटच्या तपासणीला हे स्वतः डोळे मिटत नाहीत. घरच्यांना खुर्चीत बसवतात आणि विचारतात, "बाई कुठून बोलतायत?" ते "मधून" म्हणाले की काम झालं. हेडमास्तरांनी म्हणे तीनदा ऐकून मग सांगितलं, चूक व्हायला नको म्हणून.

मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन आले तर टेबलापाशी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ह्यांची खुर्ची जागेवर नव्हती. तीस वर्षं ज्या बाजूला हे बसले तिथून उचलून ह्यांनी ती पलीकडे नेली होती, भिंतीलगत, जिथे गुडघा टेबलाच्या पायाला लागतो आणि उजेड डोळ्यांवर येतो. माझी खुर्ची होती तिथेच होती. आता ती ह्यांच्या उजव्या हाताला आली होती.

मी कप ठेवून बसले. ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"वर्षभराचं राहिलंय," म्हणाले. "बोल. भांडायचं असलं तरी चालेल."

आणि मला, मला हो, एक शब्द सुचेना.  "दूध बघून येते," म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले. गॅसवर काही नव्हतं.